थ्री-नॉट-थ्री किती जुनी? रायफलीच्या सुट्या भागांवरचे शिक्के कसे वाचायचे

गणपतीच्या बंदोबस्तात, कोर्टाच्या फाटकावर, ट्रेझरीच्या दारात उभ्या असलेल्या हवालदाराच्या खांद्यावरची ती लांब, लाकडी, जड रायफल आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा पोलिसांच्या हातात हीच थ्री-नॉट-थ्री होती आणि त्यावर देशभर चर्चा झाली. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. असं काही घडलं की एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, ही पहिल्या महायुद्धातली बंदूक आहे. दुसरा म्हणतो, छे, ही स्वातंत्र्यानंतर भारतात बनली. तिसरा फोटो मोठा करून त्यावरचं एखादं साल दाखवतो आणि वाद मिटला असं समजतो.

एकाच रायफलीबद्दल बोलतानाही तिघांचं खरं असू शकतं. नळी एका दशकातली, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) दुसऱ्या, लाकूड तिसऱ्या, असं या रायफलींमध्ये सर्रास आढळतं. एखाद्या भागावरचा शिक्का फक्त त्या भागाबद्दल साक्ष देतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी नावांचा गुंता

थ्री-नॉट-थ्री म्हणजे ०.३०३ इंच, सुमारे ७.७ मिलिमीटर. हा नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. रायफलीचं खरं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या संशोधकाने तिचा बोल्ट आणि मॅगझीन (गोळ्यांची पेटी) योजलं. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथे ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना होता. नळीच्या आत गोळीला फिरकी देणारे पीळदार खाचे असतात, त्यांची पद्धत या कारखान्यातली, म्हणून १८९५ पासून हे जोडनाव.

शाळेच्या पुस्तकात १८५७ च्या काडतुसांच्या प्रकरणात येणारी एनफिल्ड निराळी. ती १८५३ च्या नमुन्याची, तोंडाकडून दारू ठासायची बंदूक. कारखाना तोच, पण दोघींचा एकही भाग एकमेकींना बसत नाही.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती प्रामुख्याने ‘नंबर १ मार्क ३’ घराण्यातली. हा नमुना जानेवारी १९०७ मध्ये मंजूर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘नंबर ४’ आणली. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याने मात्र नंबर १ चंच उत्पादन चालू ठेवलं. दोघी ओळखायला शिक्का वाचायचीही गरज नाही. नंबर १ चं नाक बसकं असतं, नळीचं तोंड लोखंडी टोपणाशी जवळजवळ सपाट येतं. नंबर ४ मध्ये नळीचं टोक बोटभर पुढे डोकावतं. सिनेमात १९१६ च्या खंदकातल्या शिपायाच्या हातात नाक पुढे आलेली रायफल दिसली, तर कलादिग्दर्शकाने काम नीट केलेलं नाही म्हणून खुशाल समजावं.

एका रायफलीला इतक्या जन्मतारखा का?

सैन्याची रायफल घरातल्या वस्तूसारखी एका मालकाकडे राहत नाही. नळी झिजते, लाकूड तडकतं, बोल्टचं डोकं बदलावं लागतं. पलटणीचा आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, समोरच्या खणातून हाताला येईल तो भाग बसवतो. भाग कोणत्या कारखान्यातला, कोणत्या सालचा, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तो मापात बसला आणि तपासणीत पास झाला, की काम झालं. दर काही वर्षांनी रायफली कारखान्यात परत जायच्या, पूर्ण उघडल्या जायच्या आणि चांगल्या भागांतून पुन्हा जोडल्या जायच्या. ब्रिटिश रायफलींवर अशा संपूर्ण दुरुस्तीचा ‘एफ.टी.आर.’ हा शिक्का आणि पुढे साल सापडतं. म्हणजे १९४२ ची रायफल १९५३ मध्ये जवळजवळ नवी होऊन बाहेर पडलेली असू शकते.

शिवाय मुळात सगळे भाग एका छपराखाली बनलेलेच नसायचे. पहिल्या महायुद्धात मागणी इतकी वाढली की बर्मिंगहॅममधल्या लहान-मोठ्या कारखान्यांना एकेक भाग वाटून देण्यात आला. स्टँडर्ड स्मॉल आर्म्स कंपनीची ‘एस.एस.ए.’ ही अक्षरं असलेले भाग या योजनेतले. सरकारने १९१८ मध्ये हा कारखाना ताब्यात घेतल्यानंतरचे भाग ‘एन.आर.एफ.’ शिक्क्याचे, म्हणजे नॅशनल रायफल फॅक्टरीचे. दुसऱ्या महायुद्धात तर कारखान्याचं नावच लपवलं गेलं. नोव्हेंबर १९४० मध्ये बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या बर्मिंगहॅममधल्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले होते, आणि कोणता माल कुठे बनतो हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे नावाऐवजी सांकेतिक आकडे आले. ‘एम ४७’ म्हणजे बीएसए. यातला एम इंग्लंडच्या मध्य भागासाठी, एन उत्तरेसाठी आणि एस दक्षिणेसाठी.

मुख्य पट्टी: इथून वाचायला लागा

नंबर १ रायफलीचा बोल्ट जिथे हाताने ओढतात, त्याच्या खालीच उजव्या अंगाला एक लोखंडी पट्टा असतो. मागचा लाकडी दस्ता त्याच्यात बसतो. संग्राहक सगळ्यात आधी याच जागेचा फोटो मागतात. वरून खाली वाचत जायचं. सर्वात वर मुकुट. त्याखाली राजाची आद्याक्षरं: ‘ई.आर.’ असेल तर सातवा एडवर्ड, ‘जी.आर.’ असेल तर जॉर्ज. मग कारखाना, एनफिल्ड किंवा बी.एस.ए. कंपनी किंवा आणखी कोणी. मग साल. मग ‘शॉर्ट ली-एनफिल्ड’चं इंग्रजी लघुरूप. आणि सर्वात खाली तीन उभ्या रेघा, म्हणजे मार्क ३. त्या रेघांपुढे कधी कधी एक बारीक तारा असतो.

तो तारा नजरेतून सुटू देऊ नका. १९१६ च्या सुरुवातीला युद्धाच्या घाईत रायफल सोपी करण्यात आली, त्याची ही खूण. काढून टाकलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे ‘कट-ऑफ’, मॅगझीनच्या तोंडावर सरकणारी पोलादी पट्टी. ती आत ढकलली की मॅगझीनमधल्या दहा गोळ्या राखीव राहायच्या आणि शिपाई एकेक गोळी हाताने भरायचा. शिपायाने गोळ्या उधळू नयेत ही वरिष्ठांची काळजी. खंदकात ती कोणालाच परवडेना. दुसरी वस्तू गेली ती डाव्या अंगाची लांब पल्ल्याची नेमपट्टी. मैलभर आणि त्याहून लांबच्या जमावावर अख्ख्या तुकडीने एकदम गोळ्या झाडायच्या, त्यासाठी ती होती. आज हेच दोन भाग संग्राहक हुडकत फिरतात, कारण काढले गेल्यामुळे ते दुर्मिळ झाले.

या पट्ट्यावरचं साल मूळ सांगाड्याचं, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या भागाचं. नळीवर तिचं वेगळं साल असतं आणि ते लाकडाखाली दडलेलं असल्याने रायफल उघडल्याशिवाय दिसत नाही. फोटो मोठा करून वाद मिटवणारा आपला तिसरा मित्र नेमका इथे फसतो.

संगिनीवरचं १९०७

सर्वात जास्त लोक फसतात ते संगिनीवर, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. या रायफलीच्या लांब संगिनीचं पातं १७ इंचांचं. मुठीजवळ पात्यावर मुकुट, ‘जी.आर.’ आणि खाली ठळक १९०७. लगेच म्हटलं जातं, ‘एकशे दहा वर्षांहून जुनी!’ तसं नाही. १९०७ हे नमुन्याचं साल आहे, आणि १९१८ मध्ये घडवलेल्या संगिनीवरही ते असतंच. घडवल्याची तारीख त्याखाली बारीक अक्षरांत असते: आधी महिन्याचा आकडा, मग सालाचे शेवटचे दोन आकडे, आणि सोबत विल्किन्सन किंवा सँडरसन असं कारखान्याचं नाव. पात्याच्या दुसऱ्या बाजूला फुलीसारखी खूण असेल, तर पातं वाकवून पाहण्याच्या चाचणीत ते पास झालेलं आहे.

सुरुवातीच्या संगिनींना मुठीपाशी खाली वळलेला आकडा होता. १९१३ मध्ये तो नमुन्यातून गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात यांतल्या अनेक संगिनी कापून १२ इंचांच्या केल्या गेल्या. अशी आखूड संगीन दिसली की तिने हिंदुस्थान पाहिलाय, असं बहुतेक वेळा धरून चालायला हरकत नाही.

बाण कुणाकडे रोखलाय?

ब्रिटिश सरकारी मालावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असायची. निरनिराळ्या देशांनी तिला आपापली अक्षरं जोडली. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर हिंदुस्थान सरकार, सी या अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा, यू मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका, दोन डींच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर वस्तू सरकारी सेवेतून विकून टाकलेली.

ब्रिटनमधून खासगी बाजारात गेलेल्या रायफलींच्या नळीवर आणखी एक कोडं असतं: ०.३०३, २.२२२ आणि १८.५ टन. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा काडतुसाच्या पितळी नळीची इंचांतली लांबी, तिसरा दर चौरस इंचावर सोसायचा दाब. विक्रीआधी सरकारमान्य चाचणीगृहाने जादा दाबाचं काडतूस उडवून पाहिलं, त्याची ही पोच. तिचा सैन्याशी काही संबंध नाही.

इशापूरची खूण

पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्याचा माल ओळखायला तुलनेने सोपा. ब्रिटिश काळात मुकुटाखाली ‘जी.आर.आय.’, यातला आय राजाच्या सम्राटपदाचा, आणि खाली इशापूरचं नाव. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर.एफ.आय.’ ही अक्षरं आली. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला जादा स्क्रू ही इशापूरची आणखी एक सही. इथल्या हवेत लाकूड तडकू नये म्हणून तो घातला. संग्राहक जगभर त्याला ‘इशापूर स्क्रू’ असंच म्हणतात.

लाकडाच्या पुढच्या भागावर तांब्याची तार गच्च गुंडाळलेली रायफल पाहून काही जणांना ती कोणा शिपायाने घरगुती डागडुजी केलेली वाटते. प्रत्यक्षात ती हातबॉम्ब फेकण्यासाठी राखून ठेवलेली असते. त्या धक्क्याने लाकूड फुटलं तर ढलप्या उडू नयेत, म्हणून ही तार.

१९६२ च्या युद्धानंतर इशापूरने हाच सांगाडा बळकट पोलादात घडवून ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी ‘२ए’ आणि नंतर ‘२ए१’ बनवली. तिचं मॅगझीन चौकोनी, बारा गोळ्यांचं. लोक तिलाही सरसकट थ्री-नॉट-थ्री म्हणतात. काडतूस वेगळं असल्यामुळे ही चूक साधी नाही. १९१४ चं महायुद्ध शोधत निघालेल्या माणसाच्या हाती १९६० नंतरची रायफल येते ती अशी.

एनसीसीत परेड केलेल्यांनी ‘डी.पी.’ रायफल हाताळली असेल. ही फक्त कवायतीची, मुद्दाम निकामी केलेली. दस्त्याच्या मागच्या टोकाला पितळी झाकण असतं, ते उघडलं की आत तेलाची छोटी पितळी बाटली आणि दोरीचा पुलथ्रू. फोर-बाय-टूची चिंधी त्याच्या फासात अडकवून नळीतून ओढायची. त्या बाटलीवरही शिक्का आणि कधी सालही असतं. रायफलीचा भाग म्हणवणारी, पण रायफल नसलेली ही वस्तू संग्रहाची सुरुवात म्हणून मला सगळ्यात आवडते.

‘नंबर जुळतात’ म्हणजे काय?

जुनी बजाज स्कूटर घेताना आपण आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर ताडून पाहतो. रायफलीचंही तसंच. सांगाड्यावरचा अनुक्रमांक बोल्टच्या मुठीच्या मागच्या अंगाला, नळीवर, नाकाच्या टोपणावर, मागच्या नेमपट्टीखाली आणि पुढच्या लाकडावर पुन्हा मारलेला असतो. सगळीकडे एकच आकडा असेल तर भाव चढतो.

यातला बोल्टचा नंबर नुसता हौसेचा नाही. गोळी उडताना काडतुसाचं बूड बोल्टच्या डोक्यावर टेकलेलं असतं आणि तिथे फट किती राहते हे मोजून जुळवावं लागतं. नंबर ४ मध्ये तर बोल्टचं डोकं शून्य, एक, दोन, तीन अशा चढत्या मापांत मिळायचं आणि आर्मोरर त्यातलं योग्य ते बसवायचा. परक्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो आणि बंदही होतो, पण फट जास्त राहिली तर काडतूस फुटून मागे येऊ शकतं. बोल्टवरचा जुना नंबर रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा कोरलेला असेल, तर ते फसवणुकीचं लक्षण मानू नये. बहुतेकदा ते आर्मोररच्या प्रामाणिक कामाचंच असतं. जुना नंबर घासून गुळगुळीत केलेला आणि नवा आकडा फार टवटवीत दिसत असेल, तिथे मात्र शंका घ्यावी.

मग सुटे भाग कोण आणि कशाला घेतं?

दोन्ही महायुद्धांनंतर लाखो रायफली मोडीच्या भावात विकल्या गेल्या. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या शिकाऱ्यांनी त्या हलक्या करण्यासाठी पुढचं लाकूड कापलं, नाकाचं टोपण फेकून दिलं. आज त्यांचीच नातवंडं ते लाकूड, ते टोपण आणि ते स्क्रू शोधत आहेत. रायफल १९१७ ची एनफिल्ड असेल तर भागही त्याच कारखान्याचे आणि त्याच काळातले हवेत, हा हट्ट. लाकूडसुद्धा ओळखीला उपयोगी पडतं. ब्रिटिश रायफलीला बहुधा अक्रोडाचं, तर ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याच्या रायफलीला तिथल्याच कोचवूडचं. शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे दस्तेही वेगवेगळ्या मापांचे होते: लांबवर एल, आखूडवर एस, त्याहूनही ठेंगण्यावर बी.

यावर एक रास्त आक्षेप आहे: विखुरलेले भाग जमवून ‘१९१७ ची’ रायफल उभी करणं म्हणजे नवी खोटी वस्तूच नव्हे का? माझ्या मते, केलेलं काम लपवलं तर होय. १९१७ च्या सांगाड्यावर १९४३ ची नळी आणि १९५० चं लाकूड असलेली रायफल जशी आहे तशी जास्त बोलकी असते. ती सगळी नोकरी करून आलेली आहे, तिला पुन्हा पहिल्या दिवशी नेऊन बसवायची गरज नाही. दुसरा पक्ष म्हणतो की शिकाऱ्याने कापलेली रायफल ना सैन्याची राहिली ना शिकारीची, ती सावरली तर बिघडलं कुठे? कापलेल्यांपुरतं मला ते पटतं.

अस्सल नक्कल

पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल गावात पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका घडवल्या जातात, शिक्क्यांसकट. कारागिराला इंग्रजी वाचता येत नसेल तर अक्षरं चित्रासारखी उतरवली जातात. म्हणून एन उलटा पडतो, एनफिल्डच्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गळतं. सर्वात गमतीची चूक तारखेची. मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही.आर.’ ही अक्षरं आणि खाली १९०७! राणी जानेवारी १९०१ मध्येच वारली. आपला आखूड मार्क ३ तिने पाहिलाच नाही, त्यामुळे त्यावर तिची अक्षरं असूच शकत नाहीत. अशा नकलाही लोक मुद्दाम जमवतात, आणि कारागिरीचा नमुना म्हणून ते योग्यच आहे. ती उडवून पाहण्याचा मोह मात्र कोणी करू नये.

आपल्याकडे हे चालतं का?

परदेशी संग्राहक सुटा बोल्ट टपालाने मागवताना पाहून आपल्याकडेही कोणी ऑर्डर टाकायला गेलं, तर थेट अडचणीत येईल. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने मूळ सांगाडा म्हणजे बंदूक, बाकीचे भाग बहुतांशी मोकळे. ब्रिटनमध्ये नळी आणि बोल्टसारख्या, दाब सोसणाऱ्या भागांनाही प्रमाणपत्र लागतं. भारतातल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येतच शस्त्रांचे भाग येतात. ४५ व्या कलमात दोन अपवाद आहेत: दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं कालबाह्य, पुराणवस्तू-मूल्याचं किंवा मोडकं हत्यार, आणि पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ भाग. पण किरकोळ म्हणजे काय हे विकणारा ठरवत नाही. नळी किंवा बोल्टला कोणी किरकोळ म्हणेल या आशेवर राहू नये. २०१९ च्या दुरुस्तीने तर परवानाधारकाचीही मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली.

‘आमच्या गावात पाटलांकडे अशीच रायफल आहे की!’ ती बहुधा .३१५ असते. सैन्याचं .३०३ काडतूस सामान्य नागरिकाला द्यायचं नाही, या धोरणातून याच घराण्याचा सांगाडा वापरून इशापूरने नागरी बाजारासाठी ती बनवली. दिसायला सख्खी बहीण, काडतूस वेगळं.

संगीनसुद्धा शस्त्रांच्या यादीत आहे. तिच्यासाठी परवाना लागतो की नाही, हे आपल्या भागात कोणती अधिसूचना लागू आहे त्यावर ठरतं, म्हणून घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं. पट्टे, तेलाच्या बाटल्या, पुलथ्रू, जुन्या कवायतीच्या पुस्तिका यांत हौस भागवणारे आपल्याकडे शहाणे म्हणायचे.

आजोबांच्या ट्रंकेत काडतूस सापडलं तर

फौजेत किंवा पोलिसात कोणी होऊन गेलं असेल, तर घराची आवराआवर करताना हे घडतं. काडतुसाच्या बुडावर गोल अक्षरं असतात. के आणि एफ असतील तर ते पुण्याजवळच्या खडकीचं, १८६९ पासून चालणाऱ्या दारूगोळा कारखान्यातलं, आणि शेजारचे आकडे बहुधा सालाचे. टोकाला गोळी असेल आणि बुडाच्या मधल्या टिकलीवर खड्डा नसेल, तर ते जिवंत धरावं. ऐंशी वर्षांनंतरही ते उडू शकतं. ते घासायचं नाही, तापवायचं नाही, गोळी उपटून ‘निकामी’ करायचं नाही, विकायला फोटोही टाकायचा नाही. विनापरवाना जिवंत काडतूस बाळगणं हा गुन्हा आहे, ते वारशाने आलेलं असलं तरीही. जिथे आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला फोन करावा, कसं आणि कुठे सापडलं ते सांगावं, आणि ते नेतील तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.